माळ्यावरून उतरवलेल्या सायकलचा शॉकअप: दुरुस्त करून घ्यावा की बदलावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. काकांची २६ इंची एमटीबी (माउंटन बाइक) दहा-बारा वर्षं माळ्यावर पडून होती, पुतण्याने ती आता खाली उतरवली. पुढे रॉकशॉक्स कंपनीचा टोरा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा शॉकअप आहे, स्प्रिंगवाला, १०० मिमी दबणारा. दाबला तर जेमतेम बोटभर जातो आणि वर यायला वेळ लावतो. दुकानात सांगितलं, ‘भंगार झालाय, नवीन टाका.’ सायकल रोज जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी अशी चालणार, आणि रविवारी हिप्परग्याला नाहीतर नान्नजकडे. अशा जुन्या चिमट्यावर खर्च करावा का?

उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. पाइप शाबूत असतील आणि बुश, म्हणजे पाइप ज्यांत सरकतात त्या आतल्या कड्या, ढिले नसतील तर दुरुस्त करून घ्या. या दोहोंपैकी एक जरी गेलं असेल तर त्यावर रुपया घालू नका, मग बाकी सगळं नवंकोरं का असेना. सील, फोम, तेल, वॉशर, ग्रीस हा खपाचा माल आहे, तो बदलण्यासाठीच असतो. पाइप आणि बुश यांचं तसं नाही.

आणि हे ठरवायला चिमटा उघडावा लागतो. वरून दोन वेळा दाबून ‘भंगार’ म्हणणं मला अजिबात पटत नाही. आपल्याकडे ‘गेलेले’ म्हणून येणारे चिमटे बहुतेक वेळा गेलेले नसतात, सुकलेले असतात. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट पदार्थात धरून ठेवलेलं तेल. सोलापूरच्या मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतं, स्लॅबखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. त्या उष्णतेत तेल हळूहळू सुटून जातं आणि मागे उरतो तो चिकट थर. त्यात धूळ मिसळली की पाइप बुशात सरकेनासा होतो. तुमचं ‘बोटभर जातो आणि वर यायला वेळ लावतो’ हे वर्णन मला तरी त्याच जातीचं वाटतं. स्प्रिंग मोडली असती तर चिमटा उलट जास्त दबला असता.

आता पाइपांकडे वळू, कारण निकाल तिथेच लागतो. वरच्या क्राउनमधून, म्हणजे दोन्ही पाय जोडणाऱ्या आडव्या भागातून, खाली येणाऱ्या दोन चकचकीत नळ्या म्हणजे पाइप. त्या ज्यात सरकतात तो खालचा जोडलेला भाग म्हणजे बॉटम. मोटारसायकलच्या मिस्त्रीकडेही हेच शब्द चालतात. टोराचे पाइप ३२ मिमीचे, पोलादी, वर क्रोमचा मुलामा. ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे. महागड्या चिमट्यांत पाइप अॅल्युमिनियमचे असतात आणि त्यांच्यावर हार्ड अॅनोडायझिंगचा थर असतो, तोही मिलिमीटरच्या काही शतांशांइतकाच जाड. तो थर घासून गेला की खालचं अॅल्युमिनियम मऊ, ते झपाट्याने झिजतं, आणि त्याची भुकटी तेलात उतरून तेल राखाडी-काळं होतं. काळ्या किंवा सोनेरी पाइपवर पुढच्या-मागच्या बाजूला चंदेरी पट्टे दिसले तर तो चिमटा वजनाला कितीही हलका आणि नावाला कितीही मोठा असू दे, त्याचं आयुष्य संपलेलं असतं. पोलादी पाइप जड, पण सोशिक.

तपासायचं असं. पाइप कपड्याने स्वच्छ पुसा. खोलीत अंधार करा आणि टॉर्च पाइपला जवळजवळ टेकवून तिरका धरा. सरळ उजेडात न दिसणारे ठिपके आणि ओरखडे तिरक्या उजेडात सावलीसकट दिसतात. मग अंगठ्याचं नख वरून खाली, पाइपच्या चारही बाजूंनी फिरवा. नुसता डाग असेल तर नख सरकून जातं. खड्डा असेल तर नख अडकतं, आणि जिथे नख अडकतं तिथे सीलची ओठासारखी धारही प्रत्येक धक्क्याला खरवडली जाणार.

पण खड्डा दिसला म्हणून लगेच निराश होऊ नका, तो कुठे आहे ते बघा. १०० मिमीच्या चिमट्यावर माणूस बसला की तो २० ते २५ मिमी खाली बसतो, तसा तो बसायलाच हवा. तिथून रस्त्यावरच्या खड्ड्यांना तो आणखी काही दबतो. म्हणजे सीलच्या लगेच वरचा साधारण ६० मिमीचा पट्टा दिवसभर सीलमधून ये-जा करत असतो. याच पट्ट्यात गंजाचे खड्डे असतील तर सील टिकणार नाही. क्राउनच्या खाली, अगदी वर असतील तर चिमटा तिथपर्यंत क्वचितच दबतो, त्यामुळे तेवढं चालवून घेता येतं. पडून राहिलेल्या सायकलींत गंज बहुतेक वेळा उघड्या पाइपवर सगळीकडे थोडाथोडा विखुरलेला असतो, म्हणून नेमकी जागा बघणं महत्त्वाचं.

वरवरचे ठिपके असतील तर २००० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवा, पण पाइपभोवती आडवा, वर-खाली नाही. उभे ओरखडे पडले की तेल त्यांतून चरासारखं वर झिरपतं. एखादा एकुलता एक खड्डा उरला तर तो स्वच्छ करून त्यात एपॉक्सीचा थेंब बसवायचा, वाळला की पृष्ठभागाच्या बरोबरीला घासून घ्यायचा. नेलपॉलिशनेही काही काळ भागतं. एक-दोन खड्ड्यांसाठी हा उपाय चांगला आहे. पाइपभर पुरळ उठल्यासारखे खड्डे असतील तर मात्र हे करत बसू नका.

इथे कुणीतरी हमखास सुचवतं, ‘हार्ड क्रोम मारून घ्या, एमआयडीसीत हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड करून देतात की.’ मोटारसायकलला हे जमतं, कारण तिचा प्रत्येक पाइप क्लॅम्प सोडवून वेगळा काढता येतो. सायकलच्या चिमट्यात दोन्ही पाइप आणि वरची हँडलची नळी क्राउनमध्ये दाबून कायमच्या बसवलेल्या असतात. कंपनीसुद्धा हे सगळं मिळून एकच सुटा भाग म्हणून विकते. कुणी प्रेसवर दाबून पाइप काढून देतो, क्रोम करून परत बसवून देतो असं म्हणालं तर देऊ नका. पुन्हा बसवलेली ती पकड पहिल्यासारखी राहिली की नाही हे बाहेरून कळायला मार्ग नाही, आणि उतारावर ती सुटली तर पडताना तोंडच आधी खाली येतं.

बुशाची परीक्षा सोपी आहे, पण लोक तिची हेडसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या, ढिलाईशी गल्लत करतात. पुढचा ब्रेक घट्ट धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. दुसऱ्या हाताचं बोट सील आणि पाइप यांच्या सांध्यावर ठेवा. तिथे टकटक जाणवली तर बुश. बोट हेडसेटच्या खालच्या कपावर ठेवल्यावर जाणवली तर हेडसेट ढिला आहे, तो आवळला की काम झालं. केसाएवढी हालचाल जुन्या चिमट्यात असतेच. पण डोळ्यांना दिसेल इतका पाइप हलत असेल तर बुश संपले. ते बदलायला काढायचं आणि बसवायचं खास हत्यार लागतं, आणि नंतर मापाला आणावे लागतात. एका पायात दोन बुश, वर एक, खाली एक, आणि दोन्ही एका रेषेत हवेत. लेथवर गनमेटलचा नाहीतर नायलॉनचा बुश कातून देणारे कसबी टर्नर आपल्याकडे आहेत, त्यांच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण गनमेटल थोडा घट्ट झाला की चिमटा अडकतो, सैल झाला की पुन्हा टकटक, आणि नायलॉन ओल धरून फुगतो. हा खर्च वाया जाताना मी पुष्कळदा पाहिला आहे.

याच वेळी बॉटमही बघून घ्या. तो मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. दोन पाय जोडणाऱ्या कमानीच्या मुळाशी आणि चाकाचा आस बसतो तिथे बारीक चीर आहे का, ब्रेकच्या खुंट्यांभोवती रंग फुगून पांढरी पूड आली आहे का, ते पाहायचं. चीर असेल तर वेल्डिंगचा विचारही नको, तिथेच थांबायचं. क्राउन दाबताना करकरत असेल तरी तेच.

टोराच्या डाव्या पायात स्प्रिंग आणि उजव्या पायात तेलातला डॅम्पर, म्हणजे वर-खाली होण्याचा वेग आवरणारा भाग, असतो. उजव्या पायाच्या तळाशी रिबाउंडचं, म्हणजे वर येण्याचा वेग ठरवणारं, बटण असतं. ते एका टोकाला फिरवून दाबून सोडा, मग दुसऱ्या टोकाला फिरवून दाबून सोडा. वर येण्याच्या वेगात फरक पडत असेल तर डॅम्पर जिवंत आहे, फक्त तेल जुनं आहे. फरकच नसेल तर एकतर तेल गळून गेलंय किंवा आतली ओरिंग गेलीय. दोन्ही दुरुस्त होण्यासारखं आहे, कारण हा डॅम्पर उघडतो. सीलबंद कार्ट्रिजवाल्या चिमट्यांत तसं नसतं, तिथे कार्ट्रिजच नवं मिळतं का हे आधी शोधावं लागतं.

आता ज्यांच्याकडे टोरा नाही त्यांच्यासाठी. आपल्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त दिसतो तो सनटूर कंपनीचा एक्ससीटी आणि त्याच्या आसपासचे. यांत स्प्रिंग असते, बुश प्लास्टिकचे असतात, आणि साध्या मॉडेलांत खरा डॅम्पर नसतोच. अशा चिमट्याची सफाई आणि ग्रीसिंग दरवर्षी जरूर करा, त्याने तो लक्षणीय मऊ होतो. पण त्याचं ‘रीफर्बिशिंग’ करू नका. पाइप गंजला किंवा बुश ढिला झाला की तो विषय संपला. त्याच्या उलट टोकाला १९९० च्या दशकातले चिमटे, ज्यांत स्प्रिंगऐवजी रबरासारखे इलॅस्टोमरचे ठोकळे असतात, म्हणजे रॉकशॉक्सचे क्वाड्रा, जुडी आणि त्या काळातले मॅनिटू. ते ठोकळे काळाने चिकट गुळासारखे होतात किंवा चुरा होतात. हौस म्हणून जपायचे असतील तर जपा, रोजच्या वापराला नको. १९९७ पासूनचे मार्झोकीचे जुने बाँबर मात्र मिळाले तर सोडू नका. स्प्रिंग आणि भरपूर उघडं तेल, असा साधा मामला आहे, आणि तेच तेल बुशांनाही मिळत राहतं, म्हणून ते फार टिकतात.

हवेवरचा चिमटा असेल तर हवा धरतो का ते आधी बघा. शॉकपंपाने भरा, साध्या पंपाने नाही, कारण आतली जागा इतकी कमी असते की साध्या पंपाच्या एका फटक्यात दाब कुठल्याकुठे जातो. रात्रभरात खाली बसला तर ओरिंगा गेल्यात, किट मिळत असेल तर त्या बदलता येतात. आणि कुठलाही हवेचा चिमटा उघडण्याआधी हवा पूर्ण सोडायची. हे विसरून बोल्ट सोडणारा माणूस स्वतःला इजा करून घेतो.

‘नवीन टाका’ म्हणणं सोपं आहे, पण तुमच्या सायकलला नवीन काय बसेल याचा विचार दुकानदाराने केलेला दिसत नाही. तुमची हँडलची नळी सरळ, सव्वा इंचाहून थोडी कमी, म्हणजे २८.६ मिमी. आताचे बरे चिमटे खाली दीड इंची होत जाणाऱ्या नळीचे, २७.५ किंवा २९ इंची चाकाचे, १५ मिमीच्या आरपार आसाचे आणि फक्त डिस्कब्रेकचे असतात. तुमच्या फ्रेममध्ये ती नळीच शिरत नाही. २६ इंची, सरळ नळी, साधा क्विकरिलीज (हाताने सोडता येणारा आस), व्ही-ब्रेकच्या खुंट्या, हे सगळं एकत्र हवं असेल तर नव्यात तुमच्या हाताला लागतो तो बहुतेक त्याच स्वस्त स्प्रिंगवाल्या जातीचा. म्हणजे चांगला जुना टाकून हलका नवा घ्यायचा. माझा हिशोब असा असतो: सील, फोम, वॉशर, तेल आणि मजुरी मिळून त्याच तोडीच्या नव्या चिमट्याच्या चौथाईत बसत असेल तर करून टाका, निम्म्यावर जायला लागलं की हात आवरा.

आणखी एक पर्याय आहे, आणि तो मी मनापासून सुचवतो, विशेषतः पाइप गेलेले निघाले तर. सोलापूर सपाट आहे. जुळे सोलापूर ते एमआयडीसी या रस्त्यावर शॉकअप नसला तरी काही अडत नाही. थोडे रुंद टायर आणि जरा कमी हवा एवढ्यावर खड्डे निभावतात. तुळजापूरला ४५ किलोमीटर जाणारे तर वाटभर शॉकअप लॉक करूनच चालवतात, घाटात तो दबला की पायांचं बळ वाया जातं. अशांनी साधा पोलादी चिमटा टाकावा. फक्त एक माप पक्कं बघायचं: आसापासून क्राउनपर्यंतची उंची. १०० मिमीच्या २६ इंची शॉकअपची ती साधारण ४७० मिमी असते, तर नेहमीच्या साध्या चिमट्याची ३९० ते ४००. तो तसाच बसवला तर सायकलचं नाक सात-आठ सेंटिमीटर खाली जातं. दर २० मिमीला हेडचा, म्हणजे हँडलच्या नळीचा, कोन साधारण एका अंशाने बदलतो, म्हणजे साडेतीन-चार अंशांचा फरक, आणि हँडल अंगावर आल्यासारखं चंचल होतं. शॉकअपच्या उंचीला जुळवून केलेला साधा चिमटा मागा. माणूस बसल्यावर शॉकअप थोडा खाली बसलेलाच असतो, म्हणून ४४५-४५० मिमीचाही छान चालतो.

समजा पाइप चांगले निघाले. मग कामाचं सांगतो, म्हणजे मिस्त्रीकडून करून घेतलं तरी काय व्हायला हवं ते कळेल. तळाचे दोन बोल्ट तीन-चार आटे सोडायचे, पूर्ण काढायचे नाहीत. त्यांच्या डोक्यावर प्लास्टिकच्या हातोडीने ठोकायचं, आतला दांडा सुटतो, मग बोल्ट काढून बॉटम खाली ओढायचा. बारा वर्षांनी जे बाहेर येतं ते तेल नसतं, काळ्या मातीचा लगदा असतो. आपली काळी माती पिठासारखी बारीक आहे, ती सीलखाली हळूच शिरते. त्यात वॉशिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने सायकल धुतली की तीच माती पाण्यासकट आत ढकलली जाते. सायकल बादलीच्या पाण्याने आणि कपड्याने धुवा, एवढं खरंच पाळा.

आतून पुसायला टॉवेलचा तुकडा घेऊ नका. घरोघरी जुने टॉवेल असतात, मिस्त्रीही तेच वापरतात, पण त्यांचे फासे सुटून बुशात आणि सीलखाली अडकतात. जुन्या सुती धोतराचा किंवा बनियनचा कपडा चांगला. पेट्रोल आणि थिनर सीलच्या रबरापासून लांब ठेवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सीलखालच्या फोमच्या कड्या फाटल्या नसतील तर धुऊन, वाळवून, तेलात भिजवून परत बसवता येतात.

सील शोधताना काळजी घ्या. बेअरिंगच्या दुकानात मापाचं ऑईल सील मिळून जाईल, पण त्यातली बरीचशी फिरणाऱ्या शाफ्टसाठी असतात, वर-खाली सरकणाऱ्या पाइपसाठी नाहीत. मोटारसायकलचं शॉकअप सील बसलं तरी ते पाइपला फार घट्ट धरतं. शेकडो किलोच्या गाडीला ते जाणवत नाही, सायकलचा शॉकअप मात्र छोट्या खड्ड्याला हलतच नाही. ३२ मिमीची सायकलची सील कंपनीची किंवा सायकलसाठीच बनवणाऱ्यांची मागवा, उशीर झाला तरी चालेल. तेल डॅम्परमध्ये ५ वेटचं (वेट म्हणजे तेलाच्या घट्टपणाचा आकडा). आपल्या उन्हाळ्यात ते जरा पातळ वाटलं तर साडेसात वेट घाला. मात्र हे आकडे कंपनीगणिक जुळत नाहीत, डब्यावरचा ४० अंशांचा सेंटिस्टोक आकडा (घट्टपणाचं प्रत्यक्ष माप) बघून तुलना करा. इंजिन ऑईल कधीच नाही. बॉटममध्ये बुशांसाठी प्रत्येक पायात मॉडेलप्रमाणे साधारण ५ ते १५ मिली तेल लागतं, नेमका आकडा त्या वर्षाच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. तळाचे बोल्ट नव्या वॉशरसह ७ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा. जास्त जोर केला तर आटे जातात, आणि मग चांगला चिमटा फुकट जातो.

झाल्यावर पहिले काही दिवस पाइपवर तेलाची पातळ कडी दिसेल, ती पुसत राहा. थेंब ओघळत असेल तर सील तिरकं बसलंय, परत न्या. पुढे वर्षातून एकदा, नान्नजच्या मातीत नेमाने जात असाल तर सहा महिन्यांनी, नुसता बॉटम उतरवून तेल बदललं तरी पुरतं. अधूनमधून सायकल रात्रभर उलटी ठेवा, तेल फोमपर्यंत पोचतं आणि सील ओलं राहतं. ब्रेक हायड्रॉलिक असतील तर मात्र उलटी ठेवू नका, लिव्हरमध्ये हवा शिरू शकते. तुमचे व्ही-ब्रेक असतील तर प्रश्न नाही.

सील मागवण्याआधी क्राउनच्या मागच्या बाजूचा नंबर आणि बॉटमवरचं स्टिकर यांचे फोटो काढून ठेवा. टोरामध्ये ३०२ आणि ३१८ अशी वेगवेगळी मॉडेलं होती, त्यांचे डॅम्पर सारखे नाहीत आणि त्यांची किटंही वेगळी येतात.